चर्चची एवढी कामं करूनही आतून कोरडं वाटतंय, मग देवासाठी वेळ काढायचा तरी कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. पिंपरीला राहणाऱ्या एक ताई आहेत, चाळिशीच्या आतल्या, नोकरी हिंजवडीला, कंपनीची बस सकाळी सातला, दोन मुलं शाळेत, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी, सासूबाई घरी. त्यात चर्चमध्ये संडे स्कूल, क्वायर आणि वर महिला मंडळाचं खजिनदारपद. त्या म्हणतात रविवारी संध्याकाळी मी आठवड्यात सगळ्यात जास्त दमलेली असते, प्रार्थना म्हणजे ग्रुपवर आलेलं वचन पुढे पाठवणं एवढंच उरलंय, बायबल उघडते ते फक्त मुलांचा धडा तयार करायला. आत्मिक नवीकरणासाठी वेळ कसा काढू, एखाद्या रिट्रीटला, म्हणजे एकांतातल्या प्रार्थनेच्या शिबिराला, जाऊ का, आणि असं वाटतंय म्हणजे माझा विश्वास कमी झालाय का?

ताई, जय ख्रिस्त. शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण तोच तुम्हाला जास्त खातोय असं दिसतं. विश्वास कमी झालाय असं मला तुमच्या लिहिण्यातून अजिबात वाटत नाही, तुम्ही दमलाय. गेली बरीच वर्षं मी लोकांना एकांताच्या दिवसांना घेऊन जातो, त्यांचं ऐकत बसतो, आणि "मी देवापासून दूर गेलोय" म्हणत येणाऱ्यांपैकी निम्मे तरी आल्या आल्या आधी झोपतात. बायबलमधलं १ राजे १९ काढून बघा. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवून आलाय आणि ईजबेल राणीची एक धमकी आल्यावर रानात जाऊन झुडपाखाली पडतो, म्हणतो आता पुरे झालं, मला मरण दे. देवदूत त्याला काय सांगतो? ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलेलं. तो खातो आणि परत झोपतो, देवदूत परत उठवतो, परत खायला लावतो. उपदेश नाही, "तुझा विश्वास कुठे गेला" नाही. "एलीया, तू इथे काय करतोस" हा प्रश्न देव विचारतो तो पुढे चाळीस दिवस चालून होरेबला पोचल्यावर. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा होतो, दमलेल्या माणसाला आपण आधी उपवास प्रार्थनेला बसवतो.

म्हणून पहिलं काम, आणि हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. तुमच्या वयाच्या बायकांमध्ये दोन्हीची गडबड खूप दिसते आणि आपल्या मंडळीत तिला सरळ "आत्मिक कोरडेपणा" म्हणून टाकतात. आणि झोप उडालीय, भूक नाही, उगाच रडू येतं असं दोन-तीन आठवडे सलग चाललं असेल तर डॉक्टरांशी बोला, त्यात पाप वगैरे काही नाही.

आता वेळेचं. लोक मला विचारतात की प्रार्थनेला वेळ कसा काढू आणि माझ्याकडून एखादं टाइमटेबल मिळेल अशी अपेक्षा असते, पहाटे साडेचारला उठा टाइप. तुमचा दिवस तुम्ही लिहिलाय तो मी नीट वाचला, त्यात रिकामी जागाच नाहीये, तेव्हा नवीन काही घालायच्या आधी काहीतरी काढावं लागेल. आणि ते ऑफिसमधून निघणार नाही, घरातून थोडंफार निघेल, सगळ्यात आधी निघायला हवं ते चर्चच्या कामातून. हे वाचून तुमच्या पाळकसाहेबांना माझा राग येईल, येऊ दे.

निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे वाद मिटवत बसलाय आणि लोक रांगेत उभे. इथ्रो म्हणजे त्याचा सासरा, मिद्यानाचा याजक, बाहेरचा माणूस, तो येऊन एक दिवस नुसतं बघतो आणि म्हणतो हे तू करतोस ते बरं नाही, तू पण झिजशील आणि हे लोक पण. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला सांगतो. जावयाने सासऱ्याचा सल्ला निमूट ऐकला हीच मोठी गोष्ट! गंमत सोडा, पण मोशे करत होता ते सगळं देवाचंच काम होतं, कोणीही त्याला चुकीचं म्हणालं नसतं, तरी थांबवावं लागलं ना.

तुमच्या तीन कामांपैकी मी खजिनदारपद सोडायला सांगीन. क्वायर सोडू नका, कारण तुम्हीच लिहिलंय की गाताना बरं वाटतं, आणि आपल्याकडे तर गाणं हीच अर्ध्या लोकांची प्रार्थना आहे, नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या चालीत पदं लिहून ठेवलीत ती माणसाला भाजी चिरताना पण आठवतात. संडे स्कूल एका मुलीला हाताशी धरून आलटून पालटून करा, महिन्यातले दोन रविवार तुमचे, दोन तिचे. आणि खजिनदारपदाचं असं आहे की ३१ मार्चला वर्ष संपतं, तेव्हा जानेवारीतच पाळकांना आणि मंडळाच्या अध्यक्षांना सांगून टाका, पावतीपुस्तकं, कॅश आणि पासबुक टॅली करून ठेवा, बँकेत सही बदलायचं पत्र आधीच तयार करा म्हणजे "नवीन माणूस मिळेपर्यंत बघा की ताई" या वाक्याला जागा राहणार नाही. ते वाक्य एकदा चाललं की तीन वर्षं जातात, मी बघितलंय. कारण विचारलं तर खरं सांगा, मला देवाजवळ बसायला वेळ हवाय. चर्चमध्ये हे कारण ऐकून लोक जरा गोंधळतात. कोणीतरी मागून म्हणेलच की ताई हल्ली थंड पडल्यात. म्हणू दे.

व्हॉट्सअॅपचं पण असंच. लॉकडाउनपासून पहाटे पाचची झूम प्रार्थना, दुपारची साखळी प्रार्थना, रात्रीची बायबल क्विझ, सगळं चांगलंच आहे पण एकच ठेवा आणि बाकीचे ग्रुप म्यूट करा. सकाळी वचन फॉरवर्ड करणं थांबवलं तरी कोणाचं तारण अडत नाही.

रोजचं म्हणाल तर बस आहेच की. पूर्ण प्रवास देवाला द्यायची गरज नाही, बसल्यापासून वाकडच्या पुलापर्यंत फोन पर्समध्ये, बस्स. तेवढ्या वेळात बायबलमधलं एकच स्तोत्र, आणि तेच स्तोत्र आठवडाभर. सुरुवात स्तोत्र १३१ ने करा, तीनच ओव्या आहेत, दूध तुटलेलं लेकरू आईपाशी जसं शांत असतं तसा माझा जीव आहे असं त्यात आहे. सोमवारी नुसतं दोनदा सावकाश वाचा. मंगळवारी बघा कुठला शब्द अडकतो, तुमच्या बाबतीत "मोठमोठ्या गोष्टींत मी पडत नाही" हे अडकेल असा माझा अंदाज. मग त्यावर देवाशी बोला, भांडायचं असेल तर भांडा, आणि शेवटी जरा गप्प बसा. ही काही माझी आयडिया नाही, बाराव्या शतकात गिगो नावाच्या, कार्थुझियन या एकांतात राहणाऱ्या संन्याशांच्या मठाच्या प्रमुखाने हेच चार पायऱ्यांत लिहून ठेवलंय, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवासमोर नुसतं असणं. गुरुवारपर्यंत पाठ होतं, मग पुस्तक पण लागत नाही. बसमध्ये वाचून मळमळत असेल तर मराठी ऑडिओ बायबल कानाला लावा. आणि मधेच डोळा लागला तर लागू दे, स्तोत्र १२७ म्हणतंच की देव आपल्या प्रिय माणसाला झोप देतो.

रात्रीचं थोडं सविस्तर सांगतो कारण बिझी माणसासाठी याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. संत इग्नेशियस लोयोला, जेझुइट या कॅथलिक संन्याशांच्या संघाचे संस्थापक, १६ व्या शतकातले, त्यांनी शिकवलेली ही रोजची उजळणी आहे, कॅथलिक लोकांना माहीत असते, आपल्या प्रॉटेस्टंट मंडळीत फारशी नाही. ओटा पुसून झाला की तिथेच स्टूलवर बसा, लाइट बंद केला तरी चालेल. आधी आजच्या दिवसातल्या एक-दोन गोष्टींसाठी आभार, पण नेमक्या, "सगळ्या आशीर्वादांसाठी" असं मोघम नको, धाकट्याने आज स्वतःहून डबा धुवायला टाकला हे चालेल. मग देवाला म्हणायचं, माझा दिवस मला तुझ्या उजेडात दाखव. मग सकाळपासून दिवस मागे फिरवून बघायचा, पण हिशेब तपासल्यासारखा नाही, फक्त कुठे मन मोकळं झालं आणि कुठे आवळलं ते बघायचं. समजा दुपारी तीनला मॅनेजरचा मेल आला आणि पोटात गाठ आली, मग त्या गाठीसकट घरी येऊन मोठीवर ओरडलात. म्हणजे ओरडणं मुलीमुळे नव्हतंच. हे दिसलं की क्षमा मागणं सोपं होतं, देवाची पण आणि दुसऱ्या दिवशी मुलीची पण. शेवटी उद्याच्या एका गोष्टीसाठी मागायचं, एकाच. सात-आठ मिनिटांत होतं. इग्नेशियस आपल्या लोकांना सांगायचे की कामामुळे किंवा आजारपणामुळे बाकीची प्रार्थना राहिली तर राहू दे पण ही चुकवू नका. दोनेक आठवडे केलं की तुम्हालाच कळायला लागेल की तुमचा जीव नक्की कशाने सुकतोय, आणि माझी पैज आहे की त्यात महिला मंडळाची मिटिंग येणार.

घरात हे जमायचं तर घरच्यांना एक खूण लागते. सुझाना वेस्ली, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लींची आई, इंग्लंडमध्ये एपवर्थ नावाच्या गावात राहायची, १९ बाळंतपणं, त्यातली निम्मी मुलं लहानपणीच गेली, नवऱ्याची पैशाची ओढाताण कायम. तिच्याबद्दल असं सांगतात की तिने अॅप्रन डोक्यावरून ओढून घेतला की मुलांना कळायचं, आई प्रार्थना करतेय, आता हाक मारायची नाही. वेगळी खोली वगैरे कुठली मिळणार त्या घरात! तुम्ही पण काहीतरी ठरवा, पदर म्हणा, ओढणी म्हणा, स्टूल म्हणा, आणि मुलांना आणि सासूबाईंना सांगून ठेवा. पहिले काही दिवस मुलं मुद्दाम येऊन बघतात की खरंच उठत नाही का. उठू नका, फक्त पडलं-झडलं असेल तर उठा.

इथे कोणीतरी ब्रदर लॉरेन्सचं उदाहरण देणारच, की पॅरिसच्या मठात स्वयंपाकघरात भांडी घासता घासता तो देवाच्या सान्निध्यात राहायचा, मग वेगळा वेळ कशाला, कामच प्रार्थना. बहुतेक हे सांगणारे पुरुष असतात आणि त्यांची भांडी दुसरं कोणीतरी घासत असतं. लॉरेन्सचं म्हणणं खरंच मोलाचं आहे, पण तो मठात राहत होता हे विसरू नका, तिथे प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या असायच्या आणि त्याचे पण त्यात तास जायचे. आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं आपण कोरडेपणात काढली असं त्याने स्वतःच सांगितलंय. तेव्हा पोळ्या लाटताना येशूचं नाव घ्या, जरूर घ्या, पण ते स्टूलवरच्या सात मिनिटांच्या बदल्यात नको.

रविवार. तुमचा रविवार हा कामाचा दिवस आहे हे आधी मान्य करा म्हणजे त्रास कमी होईल. सकाळी संडे स्कूल, मग भक्ती, मग क्वायरची पुढच्या आठवड्याची बोलणी, मग घरी मटण आणि पाहुणे, मग दुपारी मंडळ. याला शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, म्हणायचं? दहा आज्ञांमधली ती आज्ञा परत वाचा, त्यात तू, मुलगा, मुलगी, नोकर, जनावरं, दारात आलेला परका, सगळ्यांची यादी आहे, म्हणजे एकाने विसावा घ्यायचा आणि दुसरीने स्वयंपाकघरात उभं राहायचं असा काही तो प्रकार नाही. रविवारी खिचडी-पापड करा, पाहुण्यांना पण तीच वाढा, मटण शनिवारी रात्री. आणि शनिवारची दुपार, दोन ते सहा, महिन्यातून दोनदा तरी, फक्त तुमची. नवऱ्याच्या शिफ्टचं शेड्यूल आलं की त्यावर लगेच खूण करून ठेवायची. त्या चार तासांत काय करायचं? पहिल्यांदा झोपा. नंतर चाला, एखादं पद गुणगुणा, काही करू नका. या वेळेचा पण प्रोग्रॅम बनवायचा मोह होईल, बायका फार बनवतात.

आता रिट्रीट. जा, पण कुठल्या प्रकारच्या रिट्रीटला जाताय ते बघून. आपल्याकडे रिट्रीट म्हटलं की बहुतेकांना संजीवन सभेसारखं, म्हणजे विश्वास परत पेटवायच्या सभेसारखं, काहीतरी डोळ्यासमोर येतं, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत प्रवचनं, स्तुती, साक्षी. मुंबई-वसईचे कॅथलिक लोक केरळात मुरिंगूरच्या डिव्हाइन सेंटरला जातात ते आठवडाभराचं असंच भरगच्च असतं आणि तिथून बदलून आलेली माणसं मी पाहिलीत. पण तुमच्यासारख्या आधीच आवाजाने भरलेल्या माणसाने पहिल्यांदा मौनाच्या दिवसाला जावं असं मला वाटतं. पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे, जॅक विन्स्लो नावाच्या अँग्लिकन मिशनरींनी १९२२ साली अहमदनगरला, म्हणजे आत्ताच्या अहिल्यानगरला, जो सेवा संघ सुरू केला त्यातून पुढे १९२७ ला हा पुण्यात उभा राहिला, तुम्हाला तर मेट्रोने सरळ जाता येईल. मुंबईला बांद्र्यात जेझुइटांचं रिट्रीट हाऊस आहे. लोणावळ्याला अँथनी डिमेलोंनी सुरू केलेली साधना संस्था आहे, तिचे कोर्स मात्र लांबचे असतात, सुरुवातीलाच ते नको. आधी फोन करून एक दिवस नुसतं बसायला येऊ देता का असं विचारा. आणि तारीख जुलै-ऑगस्टमधली धरा. पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतरचा पन्नासावा दिवस) झाल्यावर आगमनकाळापर्यंत, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांपर्यंत, चर्चच्या कॅलेंडरला मोठं काही नसतं, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात मात्र घरोघरच्या सभांमुळे आणि डिसेंबरात कॅरलमुळे कोणालाच श्वास नसतो, आणि लोक नेमके तेव्हाच रिट्रीट ठरवतात.

तो दिवस कसा जातो ते सांगून ठेवतो म्हणजे घाबरणार नाही. बायबल, वही, पाण्याची बाटली, फोन ऑफिसमध्ये जमा. पहिला तास डोक्यात नुसती यादी फिरते, गॅस बंद केला का, फी भरायची राहिली, ती वहीच्या मागच्या पानावर लिहून टाका म्हणजे डोकं ती सोडतं. अकराच्या सुमारास जबरदस्त झोप येते. जेवणानंतर कंटाळा येतो, खरा कंटाळा, आणि बरेच जण याच वेळेला बॅग उचलून निघतात. तेवढं निघू नका. साधारण तीननंतर काहीतरी सैल होतं, कोणाला रडू येतं, कोणाला जुनं काही आठवतं, कोणाला काहीच होत नाही आणि तरी घरी जाताना हलकं वाटतं.

त्या दिवसासाठी मार्क ६, ओवी ३० ते ४६ घ्या. शिष्य कामावरून परत आलेत, लोकांची एवढी ये-जा आहे की जेवायला पण सवड नाही, आणि येशू म्हणतो चला, एकांती जाऊन थोडा विसावा घ्या. इथपर्यंत सगळे वाचतात आणि कॅलेंडरवर छापतात. पुढे काय होतं? मचवा पलीकडे पोचायच्या आत लोक पायी धावत तिथे हजर. विसाव्याचा बेत पार बोंबलला! येशू वैतागत नाही, त्याला कळवळा येतो, तो शिकवत बसतो, पाच हजारांना जेवू घालतो. पण नंतर तो काय करतो ते बघा, शिष्यांना मचव्यात बसवून पुढे पाठवतो, लोकांना स्वतः निरोप देतो आणि रात्री डोंगरावर एकटा प्रार्थनेला जातो. दुपारचा विसावा मोडला तो त्याने रात्री भरून काढला. तुमचे शनिवार मोडणार आहेत, कोणीतरी आजारी पडेल, कंपनीत रिलीज असेल. मोडला की त्याच आठवड्यात दुसरे दोन तास कुठले ते ठरवायचं, "पुढच्या महिन्यात बघू" नाही.

वर्षभर हे बऱ्यापैकी जमलं तर पुढचं एक आहे. इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेचा पूर्ण कार्यक्रम साधारण ३० दिवस सगळं सोडून करायचा असतो, पण त्यांनीच सुरुवातीच्या सूचनांमध्ये, १९ व्या सूचनेत, लिहून ठेवलंय की जो कामधंद्यात अडकलाय त्याने घर न सोडता रोज दीड तास देऊन हे करावं. म्हणजे बिझी माणसाचा विचार सोळाव्या शतकातच झालेला होता. आता ते साधारण ३० आठवडे चालतं, रोज थोडी प्रार्थना आणि ठरावीक दिवसांनी मार्गदर्शकाशी बोलणं. जेझुइट फादर किंवा बऱ्याच सिस्टर्स पण घेतात, प्रॉटेस्टंट आहात म्हणून कोणी अडवत नाही. आत्ता लगेच नका करू, आत्ता दीड तास म्हटलं की तुम्हाला घामच फुटेल.

आणि एकट्याने नको. १९०५ चं केडगावचं संजीवन आपण पंडिता रमाबाईंच्या नावाने सांगतो, पण ते सुरू व्हायच्या आधी कितीतरी महिने त्यांच्या मुक्ती सदनातल्या मुली आणि बायका रोज एकत्र जमून प्रार्थना करत होत्या, आणि तिथे शेती, छापखाना, शेकडो अनाथ मुलींचा स्वयंपाक, सगळं चालूच होतं. मंडळीतली एखादी मैत्रीण शोधा, शक्यतो कुठल्याच कमिटीवर नसलेली, आठवड्यातून एकदा अर्धा तास, एकमेकींना एवढंच विचारायचं की या आठवड्यात देव कुठे भेटला आणि कुठे नाही. सल्ले द्यायचे नाहीत. शेवटी दोघींनी एकमेकींसाठी एक-एक वाक्य प्रार्थना, आणि उठायचं.

पाळकांशी बोलण्याआधी एकदा सासूबाईंशी बोला असं सुचवीन, कारण शनिवारची दुपार खरं तर त्यांच्या हातात आहे, नवऱ्याच्या नाही. त्यांना पण विचारा की तुम्हाला शेवटचा असा निवांत वेळ कधी मिळाला होता. बहुतेक त्याच म्हणतील, एक शनिवार तुझा, एक माझा.